दुष्काळातल्या मुली आणि पंडिता रमाबाई

वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पाऊस लवकर उघडला की धान हातचे जाते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी भंडाऱ्यासह सारा मध्य प्रांत होरपळून निघाला. १८९१ साली भंडारा जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसे होती. १९०१ च्या शिरगणतीत ती ६ लाख ६३ हजारांवर आली.

पहिल्या दुष्काळाची बातमी ऐकून पंडिता रमाबाई या प्रांतात आल्या. १८७६-७७ च्या सुमाराचा दुष्काळ त्यांनी स्वतः अनवाणी, अर्धपोटी भोगला होता. पुण्यात त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन चालू होते, तरीही मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली नेण्याचे त्यांनी ठरवले आणि नेल्या.

त्या मुली सांभाळणे सोपे नव्हते. भीक मागून, वाटेल ते खाऊन, माणसांकडून फसवल्या जाऊन आलेल्या या पोरींचा कोणावर विश्वास नव्हता. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या; ख्रिस्ती लोक आधी खाऊपिऊ घालतात, मग उलटे टांगून अंगातून तेल काढतात, अशी अफवा पसरलेली होती आणि पुष्कळजणी ती खरी मानत. भांडणे, खोटे बोलणे, अस्वच्छता यांची तर रोजची कटकट. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध आले आणि इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतजमिनीवर हलवले. तिथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले.

रमाबाईंच्या दयेला शिस्तीची जोड होती, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य. शारदा सदनातल्या जुन्या मुलींकडे नव्या मुलींची जबाबदारी दिली गेली. काल जिला कोणी सांभाळले, तिनेच आज दुसरीला न्हाऊ घालायचे, समजावायचे. याखेरीज विणकाम, शेती, छपाई अशी कामे होती. स्वतःच्या हाताने काही घडू लागल्यावर मनातला संशय सैल होत असावा. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा निराळा विभागही त्यांनी काढला; अशा बायकांना सहजी दार उघडणाऱ्या जागा त्या काळी फारशा नव्हत्या.

या दयेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्येच शारदा सदनावर वादळ उठले होते आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. केडगावला तर उपासना आणि अन्न एकाच छपराखाली होते. उपाशी मुलीला यात निवड कितपत होती, हा टीकाकारांचा प्रश्न गैर म्हणता येत नाही. पण मुली जगल्या, लिहायला शिकल्या, पुढे परिचारिका आणि शिक्षिका झाल्या, हेही तितकेच खरे. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच वारल्या. मुक्ती मिशनचे काम आजही तिथे चालू आहे.