शिडी, भोक आणि वेबकॅम

गेल्या विकांताची गोष्ट. शुक्रवारी रात्री आमचं रिलीज एकदाचं प्रॉडक्शनला गेलं (आणि चक्क रोलबॅक न होता!), त्या आनंदात शनिवारी टीममधले सहाजण आमच्या बाणेरच्या फ्लॅटवर जमलो. बिर्याणी आली, पंखा पाचवर गेला, आणि 'डोकं बाजूला ठेवून बघता येईल असं काहीतरी लाव' असा ठराव बहुमताने पास झाला. रूममेटने 'अमेरिकन पाय' लावला.

आमच्या बॅचने, म्हणजे २०१५ च्या आसपास इंजिनिअरिंगला आलेल्यांनी, हा पिक्चर सिनियरच्या हार्डडिस्कवरून कॉपी करून बघितलेला. फर्स्ट इयरचा अलिखित सिलॅबसच तो. हॉस्टेलच्या एका खोलीत सोळा-सतरा पोरं, एक लॅपटॉप, आणि हसून हसून पुरेवाट. त्यामुळे मी निवांत होतो. पाठ असलेला पिक्चर, पाठ असलेले विनोद.

तो वेबकॅमचा सीन आला आणि आमच्या क्यूएतल्या मुलीने रिमोट घेऊन पॉज केलं. म्हणाली, "एक सांगा, ह्या मुलीचं पुढे काय होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सगळ्यांनी किमान तीन-तीनदा बघितलेला पिक्चर, पण कोणालाच आठवेना! मग जी जुंपली ती रात्री दीडपर्यंत. रूममेटचं म्हणणं, "अगं कॉमेडी आहे, तिला काय कोर्टात उभं करणारेस का?" दुसरा म्हणाला की हा एकच असा पिक्चर आहे ज्यात पोरांची फजिती होते, पोरींची नाही. क्यूएवाली आणि अजून एक मुलगी म्हणाल्या की आता हा बघवत नाही. मी मधे. म्हणजे सोयीस्कररीत्या गप्प.

रविवार मग ह्या जातीच्या पिक्चरांचा इतिहास धुंडाळण्यात गेला. कपडे धुवायचे राहिले, पण एक गोष्ट सापडली.

सुरुवात करू १९७८ पासून. 'अ‍ॅनिमल हाउस' हा जॉन लँडिसचा पिक्चर. गोष्ट १९६२ मधल्या एका काल्पनिक कॉलेजची. खर्च साधारण ३० लाख डॉलर आणि कमाई अमेरिकेतच १४ कोटींच्या आसपास. ह्या आकड्यांनी हॉलिवूडला शिकवलं की वात्रट पोरांचा वात्रट पिक्चर हे सोन्याचं अंडं आहे. रॉजर ईबर्ट ह्या बड्या समीक्षकाने त्याला चारपैकी चार तारे दिले. २००१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत घातला. त्यात एक प्रसिद्ध सीन आहे. जॉन बेलुशी शिडी लावून मुलींच्या हॉस्टेलच्या खिडकीतून डोकावतो, आणि मधेच मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघत भुवई उडवतो. 'काय राव, तुम्ही पण ना?' असा भाव. बस्स. पुढे शिडी कोसळते आणि आपण हसतो. पण त्या भुवईने आपल्याला शिडीवर चढवून घेतलेलं असतं हे लक्षातच येत नाही.

मग १९८२. मार्चमध्ये अमेरिकेत 'पोर्कीज' आला. दिग्दर्शक बॉब क्लार्क फ्लोरिडात वाढलेला, आणि गोष्टही १९५४ च्या फ्लोरिडातली. पैसा मात्र बराचसा कॅनडाचा. १९७० च्या दशकात कॅनडाने देशी चित्रपटात गुंतवलेले पैसे करातून शंभर टक्के वजा करायची सोय दिली होती. उद्देश उदात्त, की राष्ट्रीय चित्रपटसृष्टी उभी राहावी. आणि त्या धोरणाच्या काळात कॅनडातला सर्वाधिक चाललेला देशी पिक्चर कोणता निघाला? तर फ्लोरिडातल्या पोरांच्या चावटपणाचा! देशी कमाईचा त्याचा विक्रम थेट २००६ साली 'बॉन कॉप, बॅड कॉप'ने मोडला, आणि तोही महागाईचा हिशोब न धरता. कॅनडातल्या संस्कृतिरक्षकांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा :-)

अमेरिकेत 'पोर्कीज'ने १० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. त्या वर्षी त्याच्या पुढे फक्त चार पिक्चर होते, आणि त्यात एक 'ई.टी.' होता. दुसरीकडे ईबर्ट आणि त्याचा टीव्हीवरचा जोडीदार जीन सिस्कल, दोघांनी तो वर्षातल्या सर्वात वाईट पिक्चरांत टाकला. एकाच पिक्चरला थेटरात टाळ्या आणि छापून आलं की जोडे. आता इथे 'समीक्षक सोवळे आणि पब्लिक रांगडं' असं म्हणून मोकळं होता येतं. मीही आधी तसंच म्हणालो असतो. पण ज्याने 'अ‍ॅनिमल हाउस'ला चारही तारे दिले त्याला सोवळा कसं म्हणणार?

'पोर्कीज'मधला गाजलेला सीन म्हणजे मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीला असलेलं भोक, आणि पलीकडे डोळा लावून बसलेली पोरं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या नंतरचा सीन. व्यायामाच्या बाई मिस बॉलब्रिकर हा प्रकार पकडतात आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन तक्रार करतात, की दोषी मुलगा शोधून काढा. तिथे बसलेले पुरुष कोच आधी हसू दाबतात, मग फुटतात, शेवटी मुख्याध्यापकही. अख्खी केबिन हसते. बाई एकट्याच गंभीर. आणि कॅमेरा आपल्याला हसणाऱ्यांच्या बाजूला बसवतो. (बाईंना पिक्चरने आधीपासूनच जाड, खडूस आणि बिनबायकी करून ठेवलंय, म्हणजे आपल्याला हसताना अडचण नको.)

गंमत म्हणजे ह्याच पिक्चरमध्ये एक चांगला धागा आहे. टिम नावाचा मुलगा वर्गातल्या ज्यू मुलाला घालूनपाडून बोलतो, मार खातो, आणि हळूहळू त्याला कळतं की हे विष आपल्या मारकुट्या बापाकडून आलंय. शेवटी दोघं दोस्त होतात. 'पोर्कीज'ची बाजू घेणारे हा धागा पुढे करतात, आणि त्यांचं चूक नाही. धागा खरंच मनापासून लिहिलाय. पण मग प्रश्न अजून टोकदार होतो ना? ज्या माणसाला ज्यू मुलाचा अपमान इतका स्वच्छ दिसला, त्याला त्या बाईंचा अपमान का दिसला नाही? आणि बॉब क्लार्क काही निर्बुद्ध माणूस नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, त्याने 'अ ख्रिसमस स्टोरी' केला, जो आज अमेरिकेत घरोघरी नाताळला बघतात. वाईट माणसाने वाईट विनोद केला असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं. इथे चांगल्या माणसाच्या नजरेतच एक कोपरा आंधळा होता.

आता त्याच वर्षीचा ऑगस्ट. 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय'. कॅमेरन क्रो ह्या तरुण पत्रकाराने विद्यार्थी असल्याचं भासवून एक वर्ष शाळेत काढलं, पुस्तक लिहिलं, त्यावरून पटकथा केली. दिग्दर्शक एमी हेकरलिंग, तिचा पहिलाच मोठा चित्रपट. वरवर बघाल तर मालमसाला तोच. पण इथे चोरून बघत मनोराज्यात रमलेला मुलगाच पकडला जातो, आणि हसं त्याचं होतं. पंधरा वर्षांच्या स्टेसीला गर्भपात करून घ्यायला लागतो, तेव्हा जबाबदार मुलगा येतच नाही. भाऊ तिला न्यायला येतो, एक शब्दही उपदेश न करता. एवढा साधा सीन.

आणि ईबर्टने ह्याला किती तारे दिले? एक! त्याचा राग असा की स्टेसीचं काम करणाऱ्या गुणी नटीला पिक्चरने इतक्या मानहानीतून न्यावंच का. म्हणजे तो मुलीच्याच बाजूने चिडला होता. मला वाटतं 'पोर्कीज'ने डोळे इतके पोळले होते की त्याने ताकही फुंकून प्यायलं. २००५ साली हा पिक्चरही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत गेला. तिथे 'पोर्कीज' नाही. मुलीची मानहानी दाखवणं आणि तिच्या मानहानीवर हसवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण थेटरात बसून त्यातला फरक ओळखणं ईबर्टसारख्यालाही जमलं नाही. मग आपली काय कथा.

तर आता ९ जुलै १९९९. 'अमेरिकन पाय'. एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झालेला, अख्खा देश पोरांच्या काळजीने ग्रासलेला. जूनमध्ये थेटरमालकांच्या संघटनेने क्लिंटन ह्यांच्या साक्षीने जाहीर केलं की 'आर' पिक्चरला आता ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडणार नाही. आणि महिन्याभरात हा पिक्चर आला, बारावीतल्या पोरांचा, 'आर' रेटिंगचा! त्याला आधी 'एनसी-१७' मिळत होतं, कापाकापी करून 'आर'वर आणला. कापाकापीची चर्चा आजही होते ती पायच्या सीनची. किती सेकंद, उभा की आडवा वगैरे. ईबर्टने ह्या वेळी तीन तारे दिले, आणि कारण मला पटतं: पिक्चर दुष्ट नाही, पोरं मुळात गोड आहेत. खरंच आहे ते. जिमचा बाप हा तर हॉलिवूडमधल्या सर्वात प्रेमळ बापांपैकी एक. १.१ कोटी डॉलरच्या पिक्चरने जगभरात साडेतेवीस कोटी उगाच नाही कमावले.

पण तो वेबकॅम? एक्स्चेंज स्टुडंट म्हणून आलेली नादिया, तिला माहीत नसताना चालू ठेवलेला कॅमेरा, आणि चुकून अख्ख्या शाळेला गेलेली लिंक. क्यूएवालीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: ज्यांनी तिला अमेरिकेत आणलं होतं ते तो प्रकार बघतात आणि तिला मायदेशी पाठवून देतात. हे आपल्याला कळतं एक-दोन वाक्यांत, तेही दुसऱ्याच्या तोंडून. जिमची नामुष्की मात्र मिनिटंच्या मिनिटं चालते. शेवटी नादिया पुन्हा दिसते, वेबकॅमवरच, हसत. झालं, हिशोब मिटला!

शिडीचं भोक झालं, भोकाचा वेबकॅम झाला. ओळखपत्र तपासणाऱ्यांचं आणि कात्री चालवणाऱ्यांचं लक्ष पायवर होतं. चोरून केलेल्या चित्रणाविरुद्ध अमेरिकेत केंद्राचा कायदा आला २००४ साली, तोही केंद्राच्या अखत्यारीतल्या जागांपुरता. आपल्याकडे आयटी कायद्यातलं कलम ६६ई लागू झालं २००९ मध्ये आणि दंडविधानातलं ३५४सी आलं २०१३ मध्ये. म्हणजे आम्ही हॉस्टेलवर खिदळत होतो तेव्हा आपल्याकडे हा गुन्हा होता. आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर हसलो नसतो अशीही खात्री देत नाही.

आता जे सांगायचं टाळतोय ते.

सेकंड इयरला आमच्या बॅचमधली एक मुलगी तिच्या खोलीत एकटीच गाणं लावून नाचत होती. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी ते मोबाईलवर शूट केलं आणि क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. अंगभर कपडे, साधा वेडावाकडा नाच, जसे आपण सगळे एकटे असताना नाचतो तसा. कायद्याच्या व्याख्येत ती क्लिप बसलीही नसती. तिने तक्रार केली. तिला सांगण्यात आलं की पोरं आहेत, चालायचंच, तू पडदा लावत जा. आणि आम्ही तिला एक नाव पाडलं. नाव पाडणारा मी नव्हतो. पण क्लिप पुढच्या ग्रुपवर टाकणारा मी होतो, हसण्याचे तीन इमोजी टाकून. पुढच्या सेमला तिने हॉस्टेल सोडलं. का सोडलं ते मी कधी विचारलं नाही. नादियाचं काय झालं हे मला आठवत नव्हतं, त्याचं कारण हेच असावं.

'अमेरिकन पाय' वाईट आहे का? नाही. मला तो अजूनही आवडतो, बापाचे सीन तर मी पुन्हा बघेन. बंदी, बहिष्कार वगैरेंत मला रस नाही. ह्या पिक्चरांवर चाळीसेक वर्षं भांडण चाललंय ते 'अश्लील आहे की नाही' ह्यावर, आणि त्यात दोन्ही बाजूंची मजेत करमणूक होते. खरा फरक पडतो तो तुम्ही भिंतीच्या कुठल्या बाजूला बसून पिक्चर बघताय ह्याने. आम्ही सहाजण एकाच सोफ्यावर होतो, पण त्यातल्या दोघी भिंतीच्या पलीकडे होत्या.

सोमवारी लंचला क्यूएवालीला तिच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं. ती म्हणाली, "हो, मला माहीत होतं. तुम्हाला माहितीये का ते विचारत होते."

टेस्टर लोकांचं हे असंच असतं. असो. हॉस्टेल सोडून गेलेल्या त्या मुलीचा नंबर एका जुन्या ग्रुपवर अजून आहे. मेसेज टाइप केलाय, चारदा खोडलाय. माफी मागायची, तर तिला ती क्लिप पुन्हा आठवून द्यायची का, हे मात्र कुठल्याच इतिहासात सापडलं नाही.