महापे येथील मुलाखत आणि एका मूलतत्त्वाचा इतिहास

महापे हे मूळचे ठाणे-बेलापूर मार्गाजवळचे एक खेडे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे महामंडळाच्या ठाणे खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्रात या गावाचा समावेश झाला. या क्षेत्राची आरंभीची ओळख रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांची होती. कालांतराने मिलेनियम बिझनेस पार्कसारखी संकुले उभी राहिली व संगणकाच्या आज्ञावली रचणारा व्यवसाय तेथे स्थिरावला. या व्यवसायात प्रवेश इच्छिणाऱ्या पदवीधरास मुलाखतीत बहुधा क्रमवारी, वृक्षरचना, शोध अशा मूलतत्त्वांवरील प्रश्न विचारले जातात. ही तत्त्वे जुनी व ठरीव असल्याने ती पाठ केली म्हणजे पुरे, अशी समजूत उमेदवारांत आढळते. एका तत्त्वाचा इतिहास पाहिला असता ही समजूत टिकत नाही.

हे तत्त्व म्हणजे बायनरी सर्च. क्रमाने लावलेल्या यादीत मधली नोंद पाहावयाची, इष्ट नोंद ज्या अर्ध्या भागात असू शकेल तो ठेवून दुसरा वगळावयाचा, आणि हाच क्रम पुढे चालवावयाचा. जॉन मॉकली यांनी १९४६ साली फिलाडेल्फिया येथील व्याख्यानांत या रीतीचा उल्लेख केला. तथापि कितीही नोंदींच्या यादीस लागू पडेल अशी मांडणी प्रसिद्ध होण्यास १९६० साल उजाडावे लागले. कल्पना सोपी, परंतु तिच्या सीमा सांभाळणे कठीण, हे यावरून दिसते.

याच सुमारास, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या यंत्रास १९६२ साली 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. तेवढ्या नोंदी एकामागून एक तपासल्यास २०४८ तुलना कराव्या लागतील. बायनरी सर्चला फार तर १२ पुरतात. स्मृती व वेळ ही दोन्ही दुर्मिळ असलेल्या त्या काळात अशा काटकसरीचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु याच लहान स्मृतीमुळे एक दोष झाकलेला राहिला. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागण्याचा प्रघात होता. ३२ अंकस्थानांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापलीकडे गेली की ती ऋण होते. यादी सुमारे १०७ कोटी नोंदींची झाल्यावाचून हा प्रसंग येत नाही. जावा भाषेच्या प्रमाण आज्ञावलीत हा दोष सुमारे नऊ वर्षे दडून होता. ती आज्ञावली लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली तो जाहीर केला. उपाय अल्प होता : टोकांची बेरीज न करता त्यांच्यातील अंतराचे अर्ध खालच्या टोकात मिळवावयाचे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. साठ वर्षे जुने तत्त्व खोटे ठरले नाही. ज्या गृहीतावर त्याची मांडणी उभी होती ते मात्र स्मृती वाढताच ढासळले. यास्तव उत्तर पाठ असणारा उमेदवार परिचित प्रश्नापर्यंतच पोहोचतो. ते कोणत्या अटीवर खरे आहे हे जाणणारा, अट बदलल्यावरही मार्ग काढू शकतो. महापे येथील मुलाखतीत प्रश्न शोधाच्या रीतीचा असला, तरी खरी परीक्षा या दुसऱ्या जाणिवेची असते, आणि अध्यापनातही तिलाच अग्रस्थान मिळावयास हवे.