लंडनमधला, काहीच न घडलेला एक दिवस

परदेशी शिकायला गेलेल्या मोठ्या माणसांच्या चरित्रांत बोटीचा प्रवास असतो, पदवी असते. मधले शेकडो दिवस, ज्यात काहीच घडत नाही, ते एका ओळीत उरकतात. धनंजय कीरांनी मात्र बाबासाहेबांच्या लंडनमधल्या अशा दिवसाचे बरेच तपशील दिलेत. या विकांताला तेवढाच भाग पुन्हा वाचला आणि मग आकडेमोड करत बसलो (सवय, दुसरं काय!).

साल १९२१ धरा. बाबासाहेब तिशीचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकदम. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून हेच शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. आता खिशात होती सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. मुंबईत रमाबाई ओढाताण करून घर चालवत होत्या.

सकाळी सहाला उठायचं. घरमालकीण एक टोस्ट, थोडं मासळीचं तोंडीलावणं आणि चहा देई. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय गाठायचं, बसचं भाडं वाचवायला पायी. तिथल्या गोल घुमटाखाली संध्याकाळपर्यंत बैठक. दुपारच्या जेवणाला बहुधा सुट्टीच. रात्री बोव्हरिल, म्हणजे गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात कालवून, आणि सोबत पापड! मग पुन्हा वाचन, पहाटेपर्यंत. खोलीतल्या सोबत्याने झोपायला सांगितलं, की उत्तर ठरलेलं: जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही.

हे आपण शाळेपासून ऐकतो, जिद्द वगैरे म्हणतो आणि पुढे जातो. पण हा माणूस दिवसभर वाचत काय होता? तर रुपया! १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या; तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर रुपये किती पाडायचे हे सरकारच्या हाती गेलं. केन्सने १९१३ च्या पुस्तकात या नव्या व्यवस्थेची भलामण केली होती. बाबासाहेबांना तीच मोकळीक घातक वाटत होती. सरकारने वाटेल तेवढे रुपये पाडले की महागाई होणार, आणि ती सोसणार गरीब.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). १९२० च्या फेब्रुवारीत सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग धरायचं ठरवलं आणि तो टिकवायला बराच पैसा ओतला. दर टिकला नाही. सप्टेंबरअखेर सरकारने हात टेकले आणि १९२१ मध्ये रुपया सोळा पेन्सच्याही खाली उतरला. म्हणजे लंडनमध्ये दहा पौंड हातात यायला दोन शिलिंगाच्या भावाने शंभर रुपये लागले असते, तर सोळा पेन्सच्या भावाने दीडशे. टोस्ट तोच, खोली तीच, पण मुंबईहून येणारा प्रत्येक रुपया एक तृतीयांशाने आखडलेला!

२०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांवर गेला, तेव्हा एमएस करणारा माझा एक मित्र रोज सकाळी दात घासायच्या आधी दर बघायचा. पण दर असा का पडतो, यावर प्रबंध लिहायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा तो प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठाकडे गेला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, तिथूनच सुधारित प्रत पाठवली आणि वर्षअखेरीला ती मान्य झाली. निष्कर्ष होते तसेच ठेवले होते. पुस्तकाला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्यात आपले मतभेदही सांगून टाकले.

१९२५ मध्ये चलनासाठीचं रॉयल कमिशन भारतात आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. प्रश्न होता, रुपयाचं काय करायचं.