इच्छामरण, पण इच्छा कुणाची?

मागच्या वर्षी बाबा व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी विचारलं, "त्यांची स्वतःची इच्छा काय होती?" आम्ही तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाबांनी घराचे, बँकेचे, विम्याचे सगळे कागद नीट लावून ठेवले होते. एवढं एक सोडून.

हाच प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २७ नोव्हेंबर १९७३. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका वॉर्डबॉयने अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला कायमची इजा झाली. जीव वाचला, पण स्वतःचं मत सांगण्याची शक्ती गेली, ती कायमचीच.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी कोर्टात गेल्या: भरवणं थांबवा, त्यांना शांतपणे जाऊ द्या. केईएमच्या परिचारिकांचा ठाम विरोध होता. त्यांनी अरुणाला घरच्यासारखं जपलं होतं. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोअर नाही! दोन्हीकडे मायाच होती. अरुणाला काय हवं होतं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या लोकांचा, असं ठरलं. पण त्याच निकालाने हायकोर्टाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवायची, म्हणजे निष्क्रिय दयामरणाची, वाट मोकळी केली. १८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ मध्ये नियम सोपे झाले: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस्स. उपचार थांबवायचे की नाही, हे मात्र डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. त्यामुळे कागद केला म्हणजे उद्या कुणी नळी काढेल, ही भीती नको.

म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या वतीने बोलायची वेळच येऊ नये, अशी सोय आता आहे. बाबा गेले. त्यांच्या मनात काय होतं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. मी माझा कागद करून मुलीच्या हातात दिलाय. तिने वाचला, रडली, मग म्हणाली, "बरं झालं, बाबा."

तुमच्या घरी हा विषय निघालाय का कधी?