माथाडी : भार माथ्यावर, कळ कमरेत

१७०० साली औरंगजेबाचा साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा पडला होता. त्याच वर्षी इटलीत रामाझ्झिनी या वैद्याचा कामगारांच्या व्याधींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ओझेवाल्यांवरही प्रकरण होते.

आपल्याकडे ओझेवाल्यांसाठी कायदा यायला १९६९ उजाडले. पाटण-जावळीचे तरुण मुंबईच्या गोद्यांत आणि धान्यबाजारांत क्विंटलची पोती वाहत. सांगलीकडे हळद पेवांत साठवीत. जमिनीखालून ती वर काढायची म्हणजे कमरेचीच कसोटी. नाव माथाडी, पण माथ्यावरचा भार शेवटी मणक्यांवर येई. मंद्रुळकोळे गावच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. माथाडी कायद्याचा भर नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीवर राहिला. माझ्या मते तेही थोडे नव्हे. मात्र त्याआधी दोनच वर्षे, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा होती ५५ किलो.