प्रोग्रॅमरचं काम नक्की कुठे होतं? साठ वर्षांचा हिशेब

हिंजवडीच्या ट्रॅफिकवर दर पावसाळ्यात पोस्टी पडतात. रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो, कुणाची हद्द आणि कुणाची जबाबदारी, सगळं बोलून होतं. आता त्यात ‘आठवड्यातून किती दिवस ऑफिस’ हा वादही आलाय. पण एवढी उरस्फोड करून माणूस ज्या खुर्चीपर्यंत पोचतो, तिथे त्याचं काम चांगलं होतं का, हे कुणी विचारताना दिसत नाही. मी वीसेक वर्षं कोड लिहून पोट भरतोय, म्हणून या प्रश्नाचा इतिहास मांडतो. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या भागातल्या कितीतरी घरांशी तिचा संबंध आहे.

सुरुवात रात्रीपासून. १९५०-६० च्या दशकात कॉम्प्युटर खोलीभर मोठा आणि माणसापेक्षा कितीतरी महाग होता. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा ऑपरेटरच्या हातात द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५८ साली टीएक्स-झिरो हे मशीन आलं. त्याच्यासमोर थेट बसता यायचं, पण दिवसाची वेळ अधिकृत कामांसाठी राखलेली. मग खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबमधली पोरं रात्री येऊन बसायला लागली. प्रोग्रॅमर म्हणजे निशाचर, ही समजूत तिथून पक्की झाली. ती पोरं काही जन्मजात घुबडं नव्हती. रात्री मशीन मोकळं असायचं आणि मध्येच हाक मारायला कुणी नसायचं, एवढंच.

आपल्याकडेही तोच मामला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशात बांधलेला कॉम्प्युटर सुरू झाला, १९६४ साली अमेरिकी सीडीसी ३६०० आला. मशीन एक आणि गरजू अनेक. म्हणजे कामाची वेळ ठरवणारा पहिला मालक होता मशीनचं घड्याळ.

मशीन स्वस्त होत गेलं तसं हे बंधन सुटायला हवं होतं. काहींनी ते फार लवकर सोडूनही दाखवलं. इंग्लंडमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली या बाईंनी फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स नावाची कंपनी काढली. भांडवल सहा पौंड. लग्न किंवा मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या हुशार बायकांना त्यांनी घरबसल्या काम दिलं. या बायका कागदावर प्रोग्रॅम लिहायच्या. पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. कॉंकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडून झालं. घरी बाळ रडत असलं तर फोनवर गिऱ्हाइकाला ते ऐकू जाऊ नये, म्हणून शर्लीबाई मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावायच्या. ‘वर्क फ्रॉम होम’ २०२० साली जन्माला आलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं उदाहरण थेट आयबीएमचं. १९७० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात सांता टेरेसा इथे सुमारे दोन हजार लोकांची प्रयोगशाळा बांधली. आर्किटेक्ट जेराल्ड मॅक्यू यांनी बांधकामाआधी प्रोग्रॅमर दिवसभर नक्की काय करतात हे तपासलं. त्यावरून ठरलं की प्रत्येकाला किमान १०० चौरस फूट जागा, ३० चौरस फूट टेबल आणि आवाज अडवणारी बंद खोली किंवा निदान सहा फुटी आडोसा हवा. कामाकडे बघून खोली ठरली, असं या धंद्यात फार क्वचित घडलंय.

पुढे टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या ६०० हून जास्त प्रोग्रॅमरांची स्पर्धा घेतली. प्रत्येकानं तेच काम आपापल्या ऑफिसात, आपल्याच खुर्चीत बसून करायचं. १९८७ च्या ‘पीपलवेअर’ या पुस्तकात त्यांनी निकाल मांडले. किती पगार, किती वर्षांचा अनुभव, कुठली भाषा, याचा फारसा फरक पडला नाही. पहिल्या चौथाईतल्या लोकांकडे सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, शेवटच्या चौथाईकडे ४६. ‘विनाकारण व्यत्यय येतो का?’ याला वरच्यांपैकी ३८ टक्के ‘हो’ म्हणाले, खालच्यांपैकी ७६ टक्के. आता चांगल्या जागेनं माणसं चांगली झाली, की चांगली माणसं चांगल्या जागी गेली? हा प्रश्न लेखकांनी स्वतःच उपस्थित केलाय आणि तो रास्त आहे. पण कंपनीनं माणसं गोळा करावीत म्हणूनही शांत जागा उपयोगीच, नाही का?

त्याच पुस्तकात १९६० च्या दशकातला कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एक गाणी चालू असलेल्या खोलीत, एक शांत खोलीत. गणित असं रचलेलं की बरीच आकडेमोड करून शेवटी मूळचाच आकडा हाती येतो. वेग आणि अचूकपणा दोन्ही खोल्यांत सारखाच. पण ‘अरे, हे सगळं करायची गरजच नाही’ हे ज्यांच्या लक्षात आलं, ते बहुतेक शांत खोलीतले होते. गोंगाटात हात चालतात, शहाणपण सुचत नाही.

असं का होतं, ते या धंद्याबाहेरच्या लोकांना सांगतो. कोड लिहिताना दहा-पंधरा गोष्टी एकाच वेळी डोक्यात तोलून धरायच्या असतात. डोक्यावर तीन हंडे घेऊन चालणाऱ्या बाईला मागून हाक मारली तर काय होईल, तसंच ‘दोन मिनिटं आहेत का?’ या प्रश्नानं होतं. दोन मिनिटं दोनच असतात, पण हंडे पुन्हा भरायला अर्धा तास जातो. एका कंपनीत माझी खुर्ची मीटिंग रूमच्या दाराला लागून होती. तिथली तीन वर्षं मी खरं काम संध्याकाळी सात नंतर केलं, आणि रिपोर्टात मात्र मी ‘उशिरापर्यंत थांबणारा मेहनती’ ठरलो.

मग एवढं सगळं ठाऊक असताना खोल्या गेल्या कुठे? इथे दुसरा मालक येतो: जागेचं भाडं. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी हलत्या पार्टिशनांची मांडणी केली, ती १९६८ साली बाजारात आली. हेतू माणसाला मोकळीक देण्याचा होता. कंपन्यांनी त्यातून चौकोनी खुराडी केली, आणि नंतर तीही काढून लांबलचक टेबलं मांडली. फेसबुकनं २०१५ साली सुमारे २८०० लोक मावतील असा एकच प्रचंड हॉल बांधला. सांगितलं गेलं की भिंती पाडल्या की लोक एकमेकांशी बोलतील. २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दोन कंपन्यांची खुली ऑफिसं मोजून बघितली. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, मेसेज वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर बसवलं की माणूस हेडफोन घालतो.

तिसरा मालक आपल्या वाट्याला खास आला: क्लायंटचं घड्याळ. १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूत केंद्र उघडून सॅटेलाइटनं अमेरिकेशी जोडलं, आणि इथे बसून तिथलं काम करता येतं हे सिद्ध झालं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपली रात्र.

पुण्याचा गणिती घोटाळा इथेच आहे. क्लायंट झोपलेला असतो तो आपला सकाळ-दुपारचा वेळ. फोन नाही, कॉल नाही. साठच्या दशकातल्या पोरांना रात्री जी शांतता मिळायची, ती आपल्याला सकाळी आयती मिळते. आणि नेमकी तीच आपण वाकड पुलावर बसमध्ये आणि पोचल्यावर स्टँड-अप मीटिंगमध्ये घालवतो. संध्याकाळी क्लायंट जागा होतो, मग घरच्या जेवणाच्या वेळेला कॉल. दोन्ही टोकांनी मेणबत्ती जळते आणि त्याला आपण ‘मेहनत’ म्हणतो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळे अचानक घरी बसले. घर म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. वन बीएचकेत दोन लॅपटॉप, शाळेचे ऑनलाइन तास आणि कुकरच्या शिट्ट्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना विचारा. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजार कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात दिसलं की घरून काम करताना लोक आपापल्या गटात कोंडले गेले. नव्या मुलांचं शिकणं शेजारी सीनियर बसला की जास्त होतं, हेही अभ्यासांत दिसलंय, फक्त तेवढ्यानं सीनियरचं स्वतःचं काम मागे पडतं. दुसरीकडे, चीनच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १६०० हून जास्त लोकांवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कामाचा दर्जा घटला नाही, प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या कोडचं प्रमाणही घटलं नाही, आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले.

म्हणून मला ‘घर की ऑफिस’ हा वादच अर्धवट वाटतो. सदाशिव पेठेत जाऊन बघा. एमपीएससी करणारी पोरं पोटाला चिमटा काढून अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीनं एक शांत खुर्ची भाड्यानं घेतात. शांततेची किंमत या शहराला चांगली कळते. मग कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना ती का कळू नये?

मेट्रो हवीच, रस्ते हवेतच. पण सोबत कंपन्यांकडे तीन गोष्टी मागा. दुपारी एकपर्यंत मीटिंग नको. रात्री कॉल असेल तर त्या दिवशी सकाळी ऑफिसची सक्ती नको. आणि मजल्यावर निदान काही खोल्या अशा, जिथे बोलायला मनाई. यातल्या एकालाही उड्डाणपूल लागत नाही, टेंडर लागत नाही आणि भूमिपूजनाला मंत्रीही लागत नाहीत. सोमवारपासून सुरू करता येईल.