ऐच्छिक विषय, पण कोणाच्या इच्छेने?

मुंबई विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयात निकालाच्या दिवशी ‘एटीकेटी’ हा शब्द ऐकू येतो. ‘दोन विषय राहिले, पण एटीकेटी मिळाली’ असे मुलगा घरी सांगतो आणि वर्ष वाचले म्हणून घरच्यांच्या जिवात जीव येतो. ‘अलाउड टु कीप टर्म्स’ या शब्दांची ही आद्याक्षरे आहेत. पुढच्या वर्गात बसून टर्म भरायला परवानगी, असा त्यांचा अर्थ. नुसती परीक्षा देऊन भागत नाही, ठरावीक काळ ठरावीक ठिकाणी हजेरी लावावी लागते, ही कल्पना इंग्लंडातल्या जुन्या विद्यापीठांतून इकडे आली. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेल्या आपल्या लोकांना तर इन्स ऑफ कोर्टमध्ये ठरलेली जेवणे जेवून टर्म भराव्या लागत. पदवीच्या नियमांत अशी जुनी माणसे आणि जुने वाद वस्तीला असतात. प्रवेश अर्जावरची सक्तीच्या आणि ऐच्छिक विषयांची यादी आपण कार्यालयाची सोय म्हणून वाचतो. मुंबई विद्यापीठाचा पहिल्या साठेक वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ऐच्छिक विषय विद्यार्थ्यासमोर येईपर्यंत त्याचा निकाल बहुधा दुसरीकडे लागून गेलेला असे. कधी शाळेच्या वर्गात, कधी शिक्षकाच्या नेमणुकीत, तर कधी पदवीला मिळणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या मान्यतेत. म्हणून पर्यायांची संख्या मोजून शिक्षण किती मोकळे झाले ते ठरवता येणार नाही, असे मला वाटते.

मुंबई विद्यापीठ 1857 च्या जुलैत स्थापन झाले. कलकत्त्याचे आणि मद्रासचे विद्यापीठही त्याच वर्षीचे. तिन्हींना नमुना लंडन विद्यापीठाचा होता: शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक या चौघांची नावे तेव्हापासून एका दमात घेतली जातात. त्यांच्यापुढे विषयांची निवड अशी फारशी नव्हतीच. इंग्रजी, इतिहास, गणित, तर्कशास्त्र हे सगळे ठरलेले, आणि सगळे इंग्रजीतून. त्या पद्धतीवर टीका करणे आज सोपे आहे, पण तिची एक बाजू मान्य करायला हवी. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती. कोकणातून आलेला कारकुनाचा मुलगा आणि मुंबईच्या शेठजींचा मुलगा एकाच मापाने मोजले जात. सक्तीचा विषय सर्वांना शिकवावा लागतो, म्हणून त्याला शिक्षक मिळतो, पुस्तक मिळते आणि वेळापत्रकात तास मिळतो. ऐच्छिक विषयाला यांपैकी कशाचीच हमी नसते.

पहिली मोठी काटछाट झाली ती आपल्याच भाषेची. सुरुवातीच्या नियमांत मराठी, गुजराती, कानडी या भाषांना परीक्षेत जागा होती. 1860 च्या दशकात मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षांतून देशी भाषा काढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन अशा अभिजात भाषा आल्या. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे कुलगुरू झालेले सर अलेक्झांडर ग्रँट या मताचे होते. मराठीत पदवीच्या तोडीचे वाङ्मय नाही, विद्यार्थ्याने मुळातून संस्कृत शिकावे म्हणजे मराठी आपोआप सुधारेल, असा तो युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येत नाही. भांडारकरांचे संशोधन डोळ्यांसमोर ठेवले तर संस्कृतच्या त्या शिस्तीतून काय उभे राहिले ते दिसते. पण ज्या भाषेला परीक्षेत गुण नाहीत तिला वर्गात तास नाही, तास नाही म्हणून पाठ्यपुस्तक नाही, आणि पाठ्यपुस्तक नाही म्हणून ‘तोडीचे वाङ्मय नाही’ हा आरोप पुन्हा खरा. या चक्रातून भाषेला बाहेर काढायला रानड्यांनी तीसेक वर्षे घालवली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मराठी ग्रंथांच्या वाढीवर सविस्तर टिपण लिहिले, त्यात मधल्या काळात छापल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेब मांडला, आणि विद्यापीठात पाठपुरावा केला. जानेवारी 1901 मध्ये ते गेले. त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला शिरकाव मिळाला. गंमत अशी की मराठी परत आली ती वरच्या मजल्यावरून. एम.ए.ला ती घेता येत होती, पण त्याआधी बी.ए.ला ती शिकायची सोय नव्हती आणि पुढे कितीतरी वर्षे झाली नाही. पायऱ्या नसलेल्या माडीवर ठेवलेला हा पर्याय होता. घेणारे थोडे निघाले यात नवल नाही, आणि ते थोडे निघाले म्हणून मराठीला मागणीच नाही असे म्हणणे तर अन्यायाचे होते.

अभिजात भाषांमधली निवडही नियमांत दिसते तेवढी खुली नव्हती. संस्कृत की फारसी, हे नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने ठरवायचे. भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते तेव्हा त्यांना संस्कृत हवे होते. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे महाविद्यालयात फारसीच चालू राहिली आणि 1912 मध्ये ते बी.ए. झाले. विद्यापीठाच्या कागदपत्रांत या प्रसंगाचा मागमूस राहण्याचे कारण नाही. तिथे एवढेच दिसणार: दुसरी भाषा, फारसी. नियम कुठेच मोडला गेला नव्हता, कारण निर्णय विद्यापीठाच्या दाराबाहेर, शाळेच्या एका खोलीत झाला होता. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळवले. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एकेक. जातिसंस्थेच्या उगमावरचा त्यांचा 1916 चा निबंध मानववंशशास्त्राच्या तिथल्या वर्गातच वाचला गेला. ही तुलना सरळ नाही, हे खरे. एकीकडे पदवी, दुसरीकडे पदव्युत्तर शिक्षण. तरीही एकाच माणसाला एका विद्यापीठाने दोन-तीन ठरीव गटांतला एक दिला आणि दुसऱ्याने जवळजवळ सगळी सामाजिक शास्त्रे उघडून दिली. तो विद्यार्थी आधी काय शिकू शकला होता आणि काय नाही, हे त्या दुसऱ्या दारावर कुणी विचारले नाही.

सयाजीरावांच्या तिजोरीतून याच काळात आणखी एक विषय उभा राहिला. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी कॉलेजच्या पायऱ्या न चढता सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन पाली शिकून आले होते. मराठी मुलखात राहून काम करायचे, या अटीवर सयाजीरावांनी त्यांना महिना 50 रुपये देऊ केले. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली, आणि हार्वर्डचे काम करून परतल्यावर 1912 पासून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवीत होते. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत ही पाली अभ्यासातली पुढची नावे त्यांच्याच वर्गातली. अभ्यासक्रमात एक ओळ वाढली आणि वर्गात तो विषय येणारा माणूस उभा राहिला, या दोन्ही गोष्टी साधल्या तेव्हा कुठे पाली हा पर्याय झाला. ज्याच्याकडे स्वतःचीच पदवी नव्हती अशा माणसाला पदवीच्या वर्गावर घेण्याचे धाडस त्या पिढीने दाखवले. आजच्या पात्रतेच्या नियमांत ते कसे बसले असते, याचा विचार अभ्यासमंडळांनी जरूर करावा.

धोंडो केशव कर्व्यांनी 1916 मध्ये मळलेली वाट सोडून नवा रस्ताच बांधला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी पुण्यात स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीचे, आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्य. पदवीचे नाव गृहीतागमा, म्हणजेच जी.ए. गृहशास्त्राची सक्ती बाईला पुन्हा स्वयंपाकघराकडे वळवते, ही टीका मला योग्य वाटते. मराठीतून पदवी देता येते हे मात्र कर्व्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले, आणि मराठी अजून बी.ए.च्या उंबऱ्याबाहेर होती तेव्हा दाखवले. किंमत मोठी पडली. या विद्यापीठाला सरकारी कायद्याने मान्यता मिळायला 1951 उजाडले. तोवरच्या पस्तीस वर्षांत जी.ए. झालेल्या मुलीला नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या दारात ‘हे बी.ए.च्या बरोबरीचे आहे का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा जुना काळ आहे. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आले आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली. मध्येच थांबले तर प्रमाणपत्र किंवा पदविका. यातल्या पुष्कळ गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. भौतिकशास्त्राच्या मुलीला संगीत घेता यावे, यासारखे चांगले काय? पण जुन्या अडचणी नावे बदलून तिथेच आहेत. 1970 च्या दशकात 10+2+3 आले आणि कला, वाणिज्य, विज्ञान हा फाटा अकरावीच्या प्रवेशाला जाऊन बसला. पंधरा-सोळाव्या वर्षी गणित सुटले की पदवीच्या वेळी समोर ठेवलेल्या यादीतला मोठा भाग गळून पडतो. तालुक्याच्या महाविद्यालयात खुल्या ऐच्छिकाच्या टोपलीत तेच विषय असतात, ज्यांचे प्राध्यापक आधीच नोकरीत आहेत, कारण नव्या विषयाला नवे पद मंजूर होत नाही. चार मुलांसाठी कोणते महाविद्यालय वर्ग चालवील, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे, आणि ते आपल्याकडे वापरून झालेले आहे: मुंबईत एम.ए.चे वर्ग आंतरमहाविद्यालयीन असत, एका कॉलेजचा प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना शिकवी.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच यादीत पालीही आहे. ज्या एका शब्दाच्या जोरावर मराठी पदवीबाहेर गेली होती, तोच शब्द आता तिच्या नावापुढे लागला याचा आनंद मोठा आहे. तो वर्गापर्यंत पोचवायचा तर माहितीपुस्तिकेत प्रत्येक ऐच्छिक विषयापुढे तीन गोष्टी छापाव्यात: तो शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव, गेल्या वर्षी त्या वर्गात बसलेल्या मुलांची संख्या, आणि आठवड्यातल्या त्याच्या तासिकांचे वार. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीने त्या पानावर बोट ठेवून विचारले तर खिडकीपलीकडच्या माणसाला उत्तर देता आले पाहिजे.